सांगून येण्याचे बत्तासे

अब्बा,

तुम्ही जाऊन आता बारा वर्षं होतील. परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी क्लासच्या ऑफिसात पेढे घेऊन आली, आणि तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचंय. ती काय म्हणाली ते सांगेनच, पण आधी तुमच्या बत्ताशांचं लिहायला हवं. त्याशिवाय तिचे पेढे माझ्या घशात का अडकले हे कुणाला कळायचं नाही. तुम्हाला कळेल म्हणा. माझं सगळं तुम्हाला आधीच कळायचं आणि तुम्ही ते आत्ताच कळल्यासारखा चेहरा करायचात.

नांदेडच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत तुम्ही तीस वर्षं काढलीत. "हदगावमार्गे हिमायतनगरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," हे वाक्य तुम्ही असं पुकारायचात की ज्याचं हिमायतनगरला काही काम नाही त्यालाही एकदा जाऊन यावंसं वाटावं. घरात आपण दखनी बोलायचो. तुमची शाळा उर्दू, अम्मीची तर शाळाच नव्हती. मराठी तुम्ही शिकलात ती त्या खिडकीत, वाकून "सायेब, गाडी कवा हाय?" विचारणाऱ्या माणसांकडून. देगलूरकडच्या बायकांचं तेलगू मिसळलेलं बोलणं, उदगीरच्या व्यापाऱ्याचा कानडी हेल, नुकत्याच नोकरीला लागलेल्या तलाठ्याची कडक इस्त्रीची भाषा, सगळं तुम्ही खिडकीतून आत घ्यायचात आणि संध्याकाळी चहा पिताना आम्हाला करून दाखवायचात. अम्मी म्हणायची, "इत्ते लोगां घर में लाए, चाय कौन पिलाएगा?" आणि तरीही पदर तोंडाला लावून हसत राहायची.

ज्या हौशी मंडळाच्या नाटकांत तुम्ही कामं करायचात, तिथं तुम्हाला कधी नायक केलं नाही. तुम्हीही मागितलं नाही. स्पर्धेच्या नाटकांत तुम्ही चौकीदार होतात, मुलीकडचे मामा होतात, तलाठी होतात, एकाच नाटकात पहिल्या अंकात भिकारी आणि तिसऱ्यात न्यायाधीश होतात. मी एकदा तालमीत विचारलं, तुम्ही हिरो का होत नाही? तुम्ही म्हणालात, "हिरो एकच असतोय बेटा. बाकीचं गाव कोण करणार?" मला तेव्हा ते दुःख झाकणारं बोलणं वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही चक्क बढाई मारत होतात. आणि ती खरी होती.

तुमचा एक नेम होता. भूमिकेसाठी ज्या माणसाचं काही घेतलं, चाल म्हणा, खोकला म्हणा, बोलायच्या आधी मिशीवरून हात फिरवणं म्हणा, त्याच्या घरी पहिल्या प्रयोगाआधी जायचं. पावशेर बत्ताशांची पुडी त्याच्यापुढे ठेवायची आणि सांगायचं, "तुमचं हे मी घेतलंय. नाटकात करणार आहे. राग मानू नका, आणि पुढच्या रांगेत या." मंडळातले लोक हसायचे. नकलेला कोण विचारत बसतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही एकदा तालमीत सगळ्यांसमोर उत्तर दिलंत. म्हणालात, "माझी मराठी माझी नाही. एकेक शब्द कुणाचा ना कुणाचा आहे. घेतलं तर सांगून यायला पाहिजे." मग कुणी हसलं नाही, पण बत्तासे घेऊन तुमच्याबरोबर यायलाही कुणी तयार झालं नाही.

मी मात्र पुष्कळदा आले. तहसील कचेरीसमोरचे ते अर्जनवीस आठवतात? समोरच्याचा कागद वाचण्याआधी एक डोळा मिटून तो उन्हाकडे धरायचे, जसा काही त्यात खोट दिसणार आहे. तुम्ही त्यांना सांगायला गेलात तर खवळले. "मी सोंग वाटलो का तुमाला? नोटीस लावीन," म्हणाले आणि पुडी परत तुमच्या हातात कोंबली. तुम्ही ती मुकाट्यानं टाइपरायटरच्या मागे ठेवून आलात. प्रयोगाला ते बायको, दोन सुना आणि व्याही यांच्यासह पहिल्या रांगेत. तुम्ही स्टेजवर डोळा मिटलात तसे ते अर्धवट उठले आणि मागे वळून सगळ्या हॉलला म्हणाले, "ह्ये मी हाय." पडदा पडल्यावर विंगेत येऊन त्यांनी तुम्हाला बजावलं, "डोळा उजवा मिटतो मी. तुमी डावा मिटला." पुढच्या सगळ्या प्रयोगांत तुम्ही उजवा मिटलात.

आणि माझी पाळी. मी नववीत होते. ईदला घरी पाहुणे होते आणि मी आमच्या गणिताच्या बाईंची नक्कल केली. फळ्याकडे वळताना त्या खांद्याला कसा झटका द्यायच्या, पदर कसा कमरेला खोचायच्या. सगळे हसले, तुम्ही तर सगळ्यांत जास्त. पाहुणे गेल्यावर तुम्ही मराठीत बोललात. घरात तुम्ही मराठीत बोललात की मला कळायचं, आता काही खरं नाही. "चांगलं घेतलंस. आता सांगून ये." मी रडले, पाया पडले. तुम्ही पुडी हातात दिलीत आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला आलात. बाईंनी मला दारातच ते करून दाखवायला लावलं. मी केलं. त्या हसल्या, मग जरा वेळानं म्हणाल्या, "इतकी दमलेली दिसते का गं मी?" मला ते कधीच दिसलं नव्हतं. घरी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, म्हणूनच जायचं असतं. नाहीतर आपल्याला आपण काय घेतलंय हेसुद्धा कळत नाही.

मग रेडिओ आला. परभणीच्या केंद्रावर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात तुम्हाला आबांचं काम मिळालं. गावातले जाणते आबा, लोक त्यांच्याकडे अडचणी घेऊन येतात आणि आबा बोलता बोलता वाट दाखवतात. सुट्टीच्या दिवशी तुम्ही पॅसेंजरनं परभणीला जायचात. आबांचा आवाज तुम्ही कुणाचा घेतला हे मला माहीत होतं. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातले म्हातारे होते, लेक हदगावला दिलेली. वर्षातून दोन-तीनदा तिच्याकडे जाताना नांदेडला गाडी बदलायचे आणि दोन तास तुमच्या खिडकीशी बसायचे. त्यांची एक लकब होती. वाक्य शेवटापर्यंत न्यायचे आणि शेवटचा शब्द सोडून द्यायचे. "आता बगा सायेब, लेकीकडं निघालो, पिशवी घेतली, टोपी घेतली, गाडीत येऊन बसलो, आन्..." आणि तुमच्या तोंडाकडे बघत गप्प. तुम्ही म्हणायचं, "चष्मा घरीच राहिला." मग ते मान डोलवायचे, "हाव, बराबर." तुम्ही घरी येऊन म्हणालात, हा माणूस खरं स्वतः बोलत नाही, दुसऱ्याच्या तोंडून काढतो. ते अर्धं वाक्य तुम्ही आबांना दिलंत. केंद्रावरचे साहेब आधी घाबरले, रेडिओवर कुणी गप्प राहतं का म्हणाले. पण खेड्यापाड्यांतून पत्रं आली. आबा थांबले की घरोघरी लोक रेडिओपुढं उत्तर देत होते.

त्या म्हाताऱ्यांना सांगायचं तेवढं राहिलं. तुम्हाला काम मिळालं त्याच सुमाराला त्यांचे गुडघे गेले आणि त्यांचं हदगावला येणं थांबलं. म्हणजे आता त्यांच्या गावी जायला हवं होतं. दिवाळी झाली की जाऊ, असं तुम्ही म्हणालात. मग प्रयोग संपले की. मग उन्हं उतरली की. दोन वर्षं गेली. पहिल्यांदाच तुम्ही न सांगता घेतलं होतं, आणि मी त्यावरून अम्मीसमोर तुम्हाला चिडवलंही होतं.

भूकंप झाला त्या पहाटे नांदेडलाही फडताळातली भांडी वाजली. खिडकीवर गेल्यावर तुम्हाला एकेका ड्रायव्हरकडून गावांची नावं कळत गेली आणि त्यातलं एक नाव ऐकून तुम्ही कर्णा बंद केलात, असं तुमच्याबरोबरचे काका नंतर सांगायचे. महिन्यानं आपण दोघं गेलो. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव उरलंच नव्हतं, शेतात पत्र्यांच्या शेडची रांग होती. "हदगावला लेक दिलेले बाबा" असं विचारत आपण एका शेडशी आलो. त्यांची बायको बाहेर तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती. तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, "न्हाईत. भितीखाली गेले. लेकीनं दिलेली टोपी घावली तेवडी." तुम्ही पुडी काढलीत, जमिनीवर ठेवलीत, आणि तुम्हाला बोलता येईना. इतक्या लोकांचे आवाज असलेल्या तुम्हाला एकही सापडेना. मग मीच तिला सांगितलं, रेडिओतले आबा ते हे, आणि आवाज तिच्या मालकांचा होता, तेच सांगायचं राहिलं होतं.

ती जराही चकित झाली नाही. "त्येंना ठाव व्हतं की," म्हणाली. "दर येळंला रेडूम्होरं बसायचे. म्हनायचे, ह्यो खिडकीतला सायेब माझंच बोलून राहिला. समदी गल्ली हसायची त्येंला."

तुम्ही विचारलंत, "रागावले होते का?"

"राग कशापायी? म्हनायचे, तो यील एक दिस सांगाया. आला की च्या पाजू." मग तुमच्याकडे न बघता म्हणाली, "बोला की वाईच. तसं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी नाही म्हणेन अशी तुम्हाला आशा होती, असं मला वाटलं. मी बाजूला सरून तुम्हाला जागा केली. तुम्ही त्या चुलीसमोर मांडी घातलीत, आणि त्यांच्या आवाजात म्हणालात, "आता बग, चूल पेटली, पानी ठिवलं, दूद बी घातलं, आन्..."

ती लाकूड सारत होती. हात न थांबवता तिनं म्हटलं, "पत्तीच ऱ्हायली." आणि हसली, चाळीस वर्षांच्या सवयीनं हसावं तशी, आणि मग पदरात तोंड घालून बसली.  आपण उठताना ती तुम्हाला म्हणाली, बंद करू नका, ऐकू येतंय तवर बरं वाटतं. चहा तिनं खरोखरच पाजला. बत्तासे शेडमधल्या सगळ्यांना वाटले.

 लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर तुम्ही मराठीत म्हणालात, "आपल्याला वाटतं समोरच्याला माहीत नाही. त्याला माहीत असतं. तो वाट बघत असतो." त्या दिवसापासून बत्ताशांची पुडी तुमच्या पिशवीत कायमची आली.

निवृत्तीनंतर तुम्हाला टीव्हीत कामं मिळू लागली, दोन दिवसांची, तीन दिवसांची. हवालदार, वकील, मुलीचा बाप. एका मालिकेत तुम्ही सोमवारी हार्टअटॅकनं गेलात आणि गुरुवारी दुसऱ्या मालिकेत डॉक्टर होऊन आलात. शेजारच्या खाला अम्मीला विचारायला आल्या, आता नक्की काय समजायचं? मुंबईत शूटिंगला गेलात तेव्हा एका बिल्डिंगच्या वॉचमनची जांभई घेतलीत आणि संध्याकाळच्या गाडीआधी त्याला पुडी देऊन आलात. मुंबईच्या माणसाला ते कसं वाटलं असेल, मला आजही बघायला आवडलं असतं. अब्बा, मी खूप नट पाहिले. तुमच्याइतका कुणाचा आब राखून नक्कल करणारा पाहिला नाही. हे तुम्ही असताना एकदा तरी म्हणायला हवं होतं.

तोवर मी लग्न होऊन लातूरला होते आणि बायोलॉजी शिकवत होते. मी सुरुवात केली तेव्हा क्लास एका पत्र्याच्या खोलीत होता. बघता बघता तीन मजले झाले, कॉलरला माइक आला, चौकाचौकात पोरांचे फोटो लागले. हिमायतनगरहून, हदगावहून आईबाप पोरांना गादी-बादलीसकट आणून सोडायला लागले. दोनशे पोरांच्या हॉलमध्ये नुसतं बोलून भागत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. एक दिवस मी म्हणाले, "रक्त उजव्या कप्प्यातून निघालं, फुप्फुसात गेलं, ऑक्सिजन घेतला, आणि परत आलं ते..." आणि थांबले. का थांबले ते मला तेव्हाही माहीत होतं. दोनशे पोरं एकदम म्हणाली, "डाव्या कप्प्यात." मी मान डोलवून म्हणाले, "बरोबर." ते मला इतकं फळलं की माझं नावच अर्ध्या वाक्याच्या मॅडम पडलं. समोरच्या क्लासवाल्यांनी उठवलं, तिथं शिकवत नाहीत, नाटक दाखवतात. तेव्हापासून नाटक हा शब्द ऐकला की मला धडकी भरायची. दोन पालकांनी तेवढ्यावरून मुलं काढून नेली होती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तुम्ही माझ्याकडे आठवडाभर राहिलात. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि हट्ट की तुझा क्लास बघायचा. शेवटच्या बाकावर बसलात. मी अर्ध्यात थांबले तेव्हा मला लांबून तुमची मान दिसली. ती हलकेच डोलली. ओठही हलले. पोरांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण काय म्हणालात ते मला ठाऊक आहे, त्या म्हाताऱ्यांचंच, "हाव, बराबर."

तास संपल्यावर ऑफिसात चहा होता. निकालाच्या पुरवणीसाठी वार्ताहर आलेला, क्लासचे मालक शेजारी. वार्ताहरानं विचारलं, मॅडम, ही शिकवायची पद्धत तुम्ही कुणाकडून घेतली? तुम्ही समोर बसला होतात. मी मालकांच्या तोंडाकडे पाहिलं. नाटक हा शब्द उद्या पेपरात छापून येईल, एवढंच मला दिसलं. मी म्हणाले, "कुणाकडून नाही. शिकवता शिकवता आपोआप येत गेली."

वार्ताहर लिहून घेत होता. तुम्ही बशीतला चहा फुंकत होतात. त्यानं तुमच्याकडे वळून विचारलं, आपण मॅडमचे वडील का? लहानपणापासूनच अशा होत्या? तुम्ही वर पाहिलंत, आणि एका भाबड्या, काही न कळणाऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणालात, "हाव. आपोआपच आलं तिला. आमच्यात कुणाला न्हाई तसलं." इतकं साफ काम मी तुमचं कधी पाहिलं नव्हतं. कुणालाही शंका आली नाही. मालक तर खूश झाले.

 नांदेडच्या गाडीत बसल्यावर खिडकीतून तुम्ही एवढंच म्हणालात, "माइक जरा खाली लाव. श्वास ऐकू येतो." मी हो म्हणाले. गाडी हलेपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुमची पिशवी मांडीवर होती आणि त्यात पुडी असणार, हे मला माहीत होतं. ती मागून घेऊन तुमच्याच हातात ठेवायला मला दोन मिनिटं पुरली असती. मी मनाशी म्हटलं, ईदला नांदेडला जाईन तेव्हा सांगेन. ईद यायला दोन महिने होते. तुम्ही पाच आठवड्यांत गेलात. दवाखान्यातून आलेल्या तुमच्या पिशवीत ती पुडी निघाली, दमट होऊन एक ढेकूळ झालेली. अम्मीनं ती मुंग्यांना घातली.

आणि आता परवाची गोष्ट. ही मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिनं नांदेडला विष्णुपुरीजवळ स्वतःचा छोटा क्लास काढलाय. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, एक सांगायला आले. तुमचं ते अर्ध्यात थांबणं मी माझ्या वर्गात घेतलंय. न सांगता वापरायला बरं वाटेना." अब्बा, तिला तुमचा नेम कुणी सांगितलेला नाही. तिला आपणहून वाटलं. जे माझ्या घरात होतं ते तिला वाटलं, मला नाही.

मला एवढंच म्हणायचं होतं की ते माझं नाही. माझ्या वडिलांचं आहे, आणि वडिलांचंही नाही, औसा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याचं आहे, ज्यांची लेक हदगावला दिली होती. तीन वाक्यं झाली असती. आता मला कुणाची भीती नाही, मालकही बदलले, नाटक म्हणणारा तो क्लास केव्हाच बंद पडला. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून थांबली होती.

हे पत्र मी कपाटात तुमच्या चष्म्याच्या घरात घालून ठेवीन, दुसरं कुठं टाकणार. तिचा नंबर माझ्याकडे आहे. फोन अजून केलेला नाही. आणि एक कबूल करते, कारण तुम्हाला ते तसंही माहीत असणार. ती थांबली होती ना, तेव्हा मी पुड्यातला सगळ्यात मोठा पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये.